लिव्हरपूलचा भाव आणि वऱ्हाडचा कापूस

जागतिकीकरण हा शब्द मराठींत रुळला तो १९९१ नंतर. त्या वर्षीं हिंदुस्थान सरकारनें व्यापारावरील जुनीं बंधनें सैल केलीं, १९९५ सालीं जागतिक व्यापार संघटना अस्तित्वांत आली, आणि सभांतून, वर्तमानपत्रांतून व घरोघरच्या बैठकींतून या शब्दाचा उच्चार इतका होऊं लागला कीं, ही गोष्टच त्या सुमारास जन्मास आली असा पुष्कळांचा ग्रह झाला आहे. आमच्या विद्यार्थ्यांतहि तोच ग्रह आम्हांस आढळतो. परदेशी व्यापार मोकळा झाल्यानें गरीब देश संपन्न होतात असें एक पक्ष म्हणतो. तेणेंकरून ते नागवले जातात असें दुसरा म्हणतो. आणि दोन्ही पक्ष बोलतात मात्र असे कीं, जणूं हा प्रयोग या भूमीवर पूर्वीं कधीं झालाच नव्हता. वस्तुतः तो झालेला आहे, व तोहि आपल्या दाराशीं, म्हणजे वऱ्हाड-खानदेशांत आणि मुंबईंत झालेला आहे. १८६१ पासून १८६५ पर्यंतच्या कापसाच्या तेजीची हकीकत ती हीच. सामान्यतः ती मुंबईच्या शेअरबाजाराची एक गंमतीची गोष्ट म्हणून सांगण्यांत येते. परंतु तिचा खरा अर्थ मुंबईच्या बाहेर शोधिला पाहिजे असें आमचें मत आहे.

त्या काळीं लँकेशायरच्या गिरण्या जो कापूस वापरीत त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून, गुलामांच्या श्रमानें पिकून येत असे. एकाच देशावर इतकें अवलंबून राहणें धोक्याचें आहे हें मँचेस्टरच्या धूर्त व्यापाऱ्यांच्या लक्षांत येऊन त्यांनीं १८५७ सालीं दुसरीकडून कापूस मिळविण्याकरितां एक मंडळहि स्थापिलें होतें. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, अध्यक्ष लिंकन यांनीं दक्षिणेच्या बंदरांस आरमाराचा वेढा घालण्याचें फर्मान काढलें, आणि मँचेस्टरला ज्याचें भय होतें तेंच झालें. गिरण्या बंद पडल्या, मजूर उपाशी मरूं लागले, आणि सर्वांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. १८६२ सालीं इंग्लंडांत आलेल्या कापसापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश कापूस हिंदुस्थानांतला होता; युद्धापूर्वीं हें प्रमाण पंचमांशाहूनहि कमी असे.

आपल्या कापसाचें तिकडे कौतुक होत होतें असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईहून जाणाऱ्या मालास तेथें सरसकट 'सुरती' म्हणत. त्याचा तंतु आंखूड, आणि त्यांत सरकी, पाला व माती यांची भर. त्यामुळें लँकेशायरांत 'सुरती' हा शब्द कोणत्याहि हलक्या मालास लावण्याची चाल पडली. प्रार्थनेच्या वेळीं एका मजुरानें 'देवा, कापूस दे, पण सुरती देऊं नकोस' असें मागणें केल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. भेसळ थांबविण्याकरितां मुंबई सरकारनें १८६३ सालीं एक कायदा केला. परंतु भेसळ कोण करी? कुणबी करी, अडत्या करी, कीं गांठी बांधणारा करी? आमच्या समजुतीप्रमाणें हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या मालाचा घेणारा चार हजार कोसांवर बसलेला आहे आणि जो वाटेंत पांच-सात हातांतून जातो, त्याच्या स्वच्छतेचा मोबदला पहिल्या हातास मिळत नसतो. निवडून वेंचलेल्या कापसास जर गांवच्या बाजारांत अर्धा आणाहि जास्त मिळत नसेल, तर निवडण्याची मजुरी कोणी कशाकरितां द्यावी?

असो. भाव चढूं लागला. युद्धापूर्वीं लिव्हरपुलास पांच पेन्स रत्तल या बेतानें विकला जाणारा सुरती कापूस १८६४ सालीं त्याच्या चौपटीच्या वर गेला. या चार-पांच वर्षांत मुंबई इलाख्यास नेहमींच्या किंमतीपेक्षां सात-आठ कोटी पौंड अधिक मिळाले असा अंदाज त्या काळच्या लेखकांनीं केलेला आहे. या पैशाचें मुंबईंत काय झालें त्याची कथा सर दिनशा वाच्छा यांनीं १९१० सालीं एका स्वतंत्र पुस्तकांत सांगितली आहे. बँका निघाल्या, जहाजांच्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या कंपनीचा पांच हजारांचा शेअर अनेक पट किंमतीस विकला जाऊं लागला. त्या कंपनीनें अद्याप समुद्रांत चार टोपल्याहि माती टाकिली नसेल, पण तिकडे कोणाचें लक्ष नव्हतें! या सर्व व्यवहाराचे सूत्रधार शेट प्रेमचंद रायचंद होत. त्यांची चिठ्ठी म्हणजे पैसा, अशी त्यांची पत होती. सरकारचें भांडवल असलेल्या बँक ऑफ बॉम्बेनेंहि केवळ शेअरांच्या तारणावर, आणि कित्येकदां तारणावांचूनहि, रकमा दिल्या. १८६५ च्या एप्रिलांत सेनापति ली शरण गेला. ही बातमी मुंबईस पोंचतांच भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं, वायद्यांची मुदत भरतांच, पेढीमागून पेढी बसली. बँक ऑफ बॉम्बेहि पुढें मोडली व तिच्या चौकशीस कमिशन बसलें.

बुडालेल्यांत टाटांची पेढीहि होती. जमशेटजी टाटा त्या वेळीं पंचविशीच्या सुमारास होते व कापसाच्या व्यवहाराकरितां विलायतेस गेले होते. ज्या कापसाच्या जोरावर त्यांनीं हुंड्या नेल्या होत्या त्या कापसास तेथें कोणी विचारीना. त्यांनीं धनकोंस समक्ष भेटून सगळी स्थिति उघड सांगितली व सवलत मिळविली. या प्रवासांत लँकेशायरच्या गिरण्यांशीं त्यांचा जो परिचय झाला त्याचें फळ पुढें दिसावयाचें होतें.

मुंबईच्या मंडळींचें दिवाळें निघालें. तथापि दिवाळें निघणें म्हणजे एका अर्थीं सुटणें होय. कायद्यानें देणें फिटतें, मनुष्य पुन्हा उभा राहतो. प्रेमचंदशेटहि पुन्हा उभे राहिले, आणि त्यांनीं तेजीच्या दिवसांत विश्वविद्यालयास दिलेल्या देणगींतून त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. खेड्यांतील गोष्ट निराळी होती. तेथें तेजींत पैसा खरोखरच गेला होता. कुणब्यांनीं गाड्यांच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या अशा गोष्टी सांगतात. त्यांत अतिशयोक्ति असेल, परंतु धान्यापेक्षां कापूस लाभाचा ही गोष्ट घरोघर पटली होती यांत संशय नाहीं. मात्र तो पैसा कोणत्या वाटेनें आला हें पाहिलें पाहिजे. मुंबईचा व्यापारी अडत्यास आगाऊ रक्कम देई, अडत्या गांवच्या सावकारास देई, सावकार कुणब्यास देई व उभें पीक लिहून घेई. भाव चढता असतां या सांखळींतला प्रत्येक दुवा आपापला नफा काढून घेतो आणि शेवटच्या दुव्यासहि कांहीं उरतें. भाव उतरला म्हणजे प्रत्येक जण आपलें देणें खालीं ढकलतो; आणि ज्याच्या खालीं कोणी नाहीं तो कुणबी. लिव्हरपूलचा भाव मुंबईस कळण्यास तेव्हां टपालानें तीन-चार आठवडे लागत. मुंबईचा भाव खेड्यांत कळण्यास किती लागत असतील त्याची कल्पना वाचकांनींच करावी.

तेजी संपली, परंतु तिनें घातलेली घडी मोडली नाहीं. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला. १८७० सालीं समुद्रांतील तार मुंबईस आली, आणि त्याच वर्षीं केवळ कापसाकरितां खामगांवास फांटा झाला. पूर्वीं वऱ्हाडचा कापूस वणजाऱ्यांच्या बैलांवरून महिनेच्या महिने चालून मिर्झापुरास जाई. आतां तो मुंबईमार्गें थेट लिव्हरपुलास व पुढें युरोपांतील इतर बंदरांस जाऊं लागला. हा लाभ नव्हता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्या वेळचे कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं आपल्या अहवालांत जी आशा प्रगट केली आहे ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आगगाडीच्या फांट्यांमुळें विलायती कापड या मुलुखांत देशी कापडाहून स्वस्त विकतां येईल. मग येथें कांतला जाणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल. आणि कांतणारे-विणणारे हात शेतीच्या मजुरीस मिळून रानें लागवडीखालीं येतील, असा तिचा आशय. साहेबांच्या बोलण्यांत दुष्टपणा नव्हता. त्यांस ती शुद्ध प्रगतीच वाटत होती. कोष्ट्यांस व साळ्यांस ती काय वाटली हें विचारण्याचें मात्र कोणास सुचलें नाहीं.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें लुटलीं व कर्जरोखे जाळले. तें लोण भोंवतालच्या गांवांस व नगर जिल्ह्यास पोंचलें. कापसाच्या मंदीनें हे दंगे घडविले असें पुष्कळ ठिकाणीं सरळ लिहिलेलें आढळतें. तें जसेंच्या तसें आम्हांस मान्य नाहीं. भीमथडी-शिरूरचा मुलूख हा मुख्यतः ज्वारी-बाजरीचा; तेथें कापूस तो किती होणार? परंतु तेजीच्या काळांत सर्वच वस्तूंचे भाव व मजुरीचे दर चढले, आगगाडीच्या कामावर पैसा खेळला, आणि नेमक्या त्याच सुमारास सरकारी पाहणीच्या तीस वर्षांच्या मुदती संपत होत्या. नवा सारा ठरला तो या चढत्या भावांकडे पाहून, १८६७ मध्यें इंदापुरापासून. भाव उतरले, सारा उतरला नाहीं. सावकाराचा हात आंखडला, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें तो दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत घालून नवा रोखा लिहवून घेऊं लागला. म्हणजे ज्यानें कापसाचें बोंड वेंचलें नव्हतें त्याच्याहि घरीं लिव्हरपूलचा भाव साऱ्याच्या वाटेनें शिरला. कमिशन बसलें, १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु मध्यंतरीं १८७६-७८ चा दुष्काळ येऊन गेला होता.

हें केवळ परतंत्रतेचें फळ, असें कोणी म्हणेल. त्यानें मिसर देशाकडे पाहावें. तेथें राज्य इस्माईल पाशाचें होतें व कापूस आपल्याहून सरस होता. तेजीच्या उत्पन्नावर भिस्त ठेवून त्यानें कालवे, रेल्वे व राजवाडे यांकरितां युरोपांत कर्ज काढलें. १८७६ सालीं दिवाळें निघालें व १८८२ सालीं इंग्रजी फौज उतरली. तेथें तर पारतंत्र्य हेंच कर्जाचें फळ ठरलें!

आतां दुसरी बाजू. मुंबईंत पहिली कापसाची गिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढली होती. तेजींत हा धंदा मागें पडला, कारण कापूस कांतण्यापेक्षां परदेशीं पाठविण्यांत नफा अधिक. मंदीनंतर मात्र शहाण्या व्यापाऱ्यांस उमगलें कीं, कच्च्या मालाचा भाव दुसऱ्याच्या हातीं असतो, सुताचा थोडा तरी आपल्या हातीं राहतो. जमशेटजींनीं गिरणी मुंबईस न काढतां कापसाच्या मुलखांत, नागपुरास काढली. १ जानेवारी १८७७ रोजीं ती सुरू झाली. मुंबईचें सूत चीनांत खपूं लागलें, १८९३ त जपानी जहाजें मुंबईच्या कापसाकरितां येऊं लागलीं. खुल्या व्यापारानेंच ही वाट दाखविली हें नाकबूल करणें न्यायाचें होणार नाहीं. पण खुल्या व्यापाराचा कंठरवानें पुरस्कार करणाऱ्या मँचेस्टरास ही स्पर्धा सोसवेना, आणि १८९६ पासून येथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली ती १९२५ पर्यंत उठली नाहीं. व्यापार खुला कोणी कोणासाठीं ठेवावयाचा, हा प्रश्न जागतिकीकरणाइतकाच जुना आहे.

तो पुन्हा उपस्थित झाला १८६५ नंतर सुमारें एकशें अडतीस वर्षांनीं. २००३ सालीं बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड या चार आफ्रिकी देशांनीं जागतिक व्यापार संघटनेपुढें गाऱ्हाणें मांडिलें कीं, अमेरिका आपल्या कापूस पिकविणाऱ्यांस जें अनुदान देते त्यामुळें जगाचा भाव पडतो व आमचे शेतकरी बुडतात. हे तेच दिवस, जेव्हां विदर्भांतील कापूसकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता वर्तमानपत्रांतून येऊं लागल्या होत्या, आणि राज्याची १९७२ सालची एकाधिकार खरेदीची योजना मोडकळीस आली होती. २००६ त केंद्र सरकारास तेथील सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटींची मदत जाहीर करावी लागली. बी, खत, पाण्याचा अभाव व कर्ज अशीं तेथें अनेक कारणें होतीं; सर्व दोष परदेशी भावावर घालणें सुप्याच्या दंग्याचा दोष कापसावर घालण्याइतकेंच ढोबळ होईल. चौघां देशांच्या गाऱ्हाण्यावर मेक्सिकोंतील कानकून येथें चर्चा झाली, परंतु परिषदच निष्फळ होऊन मोडली. ब्राझीलनें मात्र २००२ सालींच त्या अनुदानाविरुद्ध रीतसर फिर्याद केली होती. तिचा अंतिम निकाल २००५ सालीं ब्राझीलसारखा लागला, व २०१४ सालीं अमेरिकेनें तीस कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. ते पैसे ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेकडे गेले. बेनिन व चाड या खटल्यांत त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होते. त्रयस्थांस भरपाई मागण्याचा अधिकार नसतो.