भागधारकांतील मतसंघर्ष
भागधारकांतील मतसंघर्ष : कंपनीचे नियंत्रण मिळविण्यासाठी वा टिकविण्यासाठी इतर भागधारकांची मते आणि प्रतिनिधिपत्रे (प्रॉक्सी) मिळविण्याची चढाओढ. भारतात पुष्कळदा प्रवर्तकांकडेच बहुसंख्य भाग असल्याने निकाल आधीच ठरलेला असतो. एकूण बेरजेपेक्षा गटवार मतदान अधिक बोलके. सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटविल्यावर (२४ ऑक्टोबर २०१६) दोन्ही पक्षांनी भागधारकांना पत्रे लिहिली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या मुंबईतील विशेष सभेत (१३ डिसेंबर) त्यांना संचालकपदावरून दूर करण्याचा ठराव ९३.११ टक्के मतांनी संमत झाला. पैकी टाटा सन्सकडेच सु. ७३ टक्के भाग होते. संस्थांनी दिलेल्या मतांपैकी सु. ५७ टक्के अनुकूल, तर इतर सामान्य भागधारकांच्या मतांपैकी सु. ७८ टक्के प्रतिकूल होती. १९ डिसेंबरला मिस्त्रींनी समूहाच्या उर्वरित सूचिबद्ध कंपन्यांतील संचालकपदे सोडली. पुढील न्यायालयीन लढा सर्वोच्च न्यायालयात टाटांच्या बाजूने संपला (२०२१).