पहिल्याच बॉलला विकेट, आणि मग ४१९ बॉल

लासलगावात कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिलाय, त्यांना आजची गोष्ट लवकर कळेल. ट्रॅक्टरमध्ये माल एक नंबर असतो, पण नेमकी त्याच दिवशी आवक वाढलेली असते आणि भाव पडतो. घरी येऊन कुणी विचारलं, "काय भाव मिळाला?" तर आपण आकडा सांगतो. माल कसा होता, ते त्या आकड्यात येत नाही.

आजचा आपला माणूस डोंबिवलीचा. निलेश कुलकर्णी. उंच, डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईकडून रणजी गाजवलेला. ऑगस्ट १९९७, कोलंबोचं प्रेमदासा स्टेडियम. कॅप्टन सचिन तेंडुलकर. भारताने सिद्धू, सचिन आणि अझरुद्दीनच्या शतकांवर ८ बाद ५३७ वर डाव घोषित केला. दुसऱ्या दिवसाचा खेळ संपत आला होता, तेव्हा सचिनने चोवीस वर्षांच्या निलेशच्या हातात बॉल दिला. कसोटीतला त्याचा पहिलाच बॉल. समोर मार्वन अटापट्टू. बॅटची कड लागली, यष्टीमागे नयन मोंगियाने झेल घेतला. आऊट!

कसोटीतल्या आपल्या पहिल्याच बॉलवर विकेट घेणारा तो पहिला भारतीय. श्रीलंका १ बाद ३९. यापेक्षा भारी सुरुवात काय असणार?

आणि मग रोशन महानामा खेळायला आला.

तिसरा दिवस गेला, विकेट नाही. चौथा दिवस गेला, विकेट नाही. सनथ जयसूर्या आणि महानामा दोन अख्खे दिवस खेळत राहिले. पाचव्या दिवशी ही जोडी फुटली तेव्हा स्कोअर होता ६१५. भागीदारी ५७६ ची. जयसूर्या ३४०, महानामा २२५. श्रीलंकेने शेवटी ६ बाद ९५२ केल्या. कसोटीतला तो सर्वात मोठा डाव आजही तसाच आहे. सामना अर्थातच अनिर्णित.

निलेशचा हिशोब बघा: ७० षटकं, १२ निर्धाव, १९५ धावा, १ विकेट. ७० षटकं म्हणजे ४२० बॉल. पहिल्यावर विकेट, पुढच्या ४१९ वर एकही नाही.

आता कुणी म्हणेल, गोलंदाजीच वाईट असेल. थांबा. त्याच डावात अनिल कुंबळेने २०० च्या वर धावा दिल्या आणि विकेट एकच घेतली. राजेश चौहानचंही तेच. त्यांच्या तुलनेत निलेशच्या षटकाला धावा कमीच गेल्या. पिच पाटा होतं. शिवाय जोडीतला एक डावखुरा, एक उजवा. डावखुऱ्या फिरकीचा बॉल उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो, पण जयसूर्यासारख्या डावखुऱ्याच्या आत येतो. प्रत्येक एकेरी धावेनंतर लाइन बदलायची. दोन दिवस, तेही पहिल्याच सामन्यात.

त्यानंतर संधी तुकड्यातुकड्यांत मिळाली. कुंबळेची जागा पक्की, आणि दुसऱ्या फिरकीपटूच्या जागेसाठी सुनील जोशी, मुरली कार्तिक, हरभजन असे बरेच जण रांगेत. निलेश १० वनडे खेळला, ११ विकेट काढल्या. शेवटची कसोटी मार्च २००१, चेन्नई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. भारताने २ गडी राखून जिंकलेली ती कसोटी आजही हरभजनची म्हणून ओळखली जाते, आणि ते बरोबरही आहे. पण त्या टीममध्ये निलेश होता, आणि मुंबईचाच लेगस्पिनर साईराज बहुतुले कसोटीत पदार्पण करत होता. बहुतुलेच्या एकूण कसोट्या दोन. निलेशच्या तीन.

तीन कसोट्या, दोन विकेट, सरासरी १६६. मोबाइलवर नाव सर्च केलं की हाच आकडा आधी दिसतो. प्रथम श्रेणीतल्या साडेतीनशेहून जास्त विकेट बघायला खाली स्क्रोल करावं लागतं.

मुंबईच्या डावखुऱ्या फिरकीला हे नवीन नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ विकेट घेतल्या आणि बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे एकही कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या मानाने निलेशला दार उघडलं तरी. फक्त आत गेल्यावर समोर ९५२ उभे होते.

खेळणं थांबल्यावर निलेश रडत बसला नाही. २०१० मध्ये त्याने मुंबईत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकवणारी संस्था सुरू केली. मैदानाबाहेरही खेळात करिअर असतं, हे पोरांना शिकवायला.

आपल्या बाजार समितीच्या बोर्डवर रोज तीन भाव लागतात: किमान, कमाल आणि सरासरी. आपल्या क्रिकेटमध्ये मात्र आपण फक्त सरासरी वाचतो. निलेशचा कमाल भाव एका बॉलचा होता. पण तो त्याच्याआधी एकाही भारतीयाला मिळाला नव्हता.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गावातल्या, टीममध्ये एकदाच निवडल्या गेलेल्या एखाद्या बोलरला गाठा आणि तो दिवस कसा होता, ते विचारा.