एक, द्वि, त्रि : आवर्तसारणीतल्या संस्कृत अंकांची कुळकथा

१८७१ साली रशियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात दिमित्री मेंडेलीव्हचा एक दीर्घ निबंध छापून आला. मूलद्रव्यांची नैसर्गिक मांडणी कशी असते आणि तिच्या आधारे अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म कसे वर्तवता येतात, हा त्याचा विषय. निबंधाच्या ओघात तो एक छोटी सोय सांगून जातो. या अज्ञात मूलद्रव्यांना नवी नावं द्यायची नाहीत. त्यांच्याच गणातल्या, त्यांच्याआधीच्या जवळच्या नातलगाचं नाव घ्यायचं आणि त्यामागे संस्कृत संख्यावाचक शब्द लावायचा : एक, द्वि, त्रि, चतुर्. हे अंक संस्कृतच का, यावर तिथे चकार शब्द नाही.

सैबेरियातल्या तोबोल्स्कमध्ये जन्मलेल्या, सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकवणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाला संस्कृत अंक कुठे भेटले? आवर्तसारणीच्या सगळ्या इतिहासात इतका लहान आणि इतका पेचात टाकणारा प्रश्न दुसरा नसेल.

बाकीचा इतिहास शाळेपासून परिचयाचा आहे. डोबरायनरची त्रिकं, शांकुर्त्वाचं १८६२चं मळसूत्र, न्यूलँड्सची अष्टकं, लोथार मायरचे तक्ते, आणि १८६९च्या मार्चमध्ये, माहीत असलेल्या ६३ मूलद्रव्यांना अणुवस्तुमानांच्या क्रमाने मांडणारी मेंडेलीव्हची सारणी. इतरांपेक्षा त्याचं वेगळेपण हे की, त्याने गुणधर्म जुळवण्यासाठी घरं मोकळी सोडली आणि त्या घरांत कोण राहायला येणार हे आकड्यांनिशी सांगितलं. घर मोकळं असलं तरी त्याचा उल्लेख करायला नाव लागतंच. इथे संस्कृत आलं.

त्याचा नियम बारकाईने पाहायला हवा, कारण आजची सारणी समोर ठेवून तो वाचला की घोटाळा होतो. एकाच गणातली सम ओळींतली मूलद्रव्यं एकमेकांशी अधिक जुळतात आणि विषम ओळींतली एकमेकांशी, असं मेंडेलीव्हला दिसलं होतं. त्याच्या तिसऱ्या गणात बोरॉन दुसऱ्या ओळीत होतं, ॲल्युमिनियम तिसऱ्या; चौथी आणि पाचवी ओळ रिकामी. चौथ्या ओळीतल्या अज्ञाताचं नातं लगेच वरच्या ॲल्युमिनियमशी न लावता त्याने ते सम ओळीतल्या बोरॉनशी लावलं, म्हणून ते एक-बोरॉन. पाचव्या ओळीतलं एक-ॲल्युमिनियम. चौथ्या गणात याच न्यायाने टायटॅनियमला ओलांडून सिलिकॉनशी नातं जोडलेलं एक-सिलिकॉन. म्हणजे ‘एक’चा अर्थ नुसता ‘पुढचं घर’ असा नव्हता. ‘आपल्या शाखेतली पुढची पिढी’ असा होता. एक-बोरॉन म्हणजेच स्कँडियम आज बोरॉनच्या खाली दिसत नाही, याचं कारण हे.

नावांच्या या खुंट्यांवर पुढे खरीखुरी मूलद्रव्यं येऊन लटकली. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रानला गॅलियम सापडलं. त्याने घनता ४.७ मोजली, मेंडेलीव्हने कळवलं की हे माझं एक-ॲल्युमिनियम आहे आणि घनता ५.९च्या आसपास यायला हवी. नमुना अधिक शुद्ध करून मोजल्यावर ५.९ आली. १८७९ मध्ये उप्सालाला निल्सनने स्कँडियम मिळवलं आणि ते एक-बोरॉन असल्याचं क्लेवेने ओळखलं.

१८८६ची हकिकत सर्वांत रंगतदार. फ्रायबर्गच्या विंकलरने आर्जिरोडाइट या खनिजातून जर्मेनियम वेगळं केलं, तेव्हा ते एक-अँटिमनी असावं असं त्याला स्वतःला वाटलं. मेंडेलीव्हला ते एक-कॅडमियम वाटलं. हे तर एक-सिलिकॉन आहे, असं ब्रेस्लाउच्या रिक्टरने सांगितलं आणि तेच खरं ठरलं : घनतेचं भाकीत ५.५, मोजमाप ५.४७, क्लोराइडचा उत्कलनबिंदू १००° सेल्सिअसच्या खाली असेल असं भाकीत, निघाला ८६°. तीन जाणकार एका पदार्थाबद्दल वाद घालत होते आणि तिघांच्याही तोंडी संस्कृत ‘एक’ होतं.

आता मूळ प्रश्नाकडे. स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांचं म्हणणं असं की हे अंक म्हणजे पाणिनीला केलेलं वंदन आहे. त्यांचा दुवा आहे ओटो बोटलिंग्क. जन्म पीटर्सबर्गचा, तिथल्याच विज्ञान अकादमीत काम, रोटसोबत संस्कृतचा प्रचंड ‘पीटर्सबर्ग कोश’ रचणारा, पाणिनीची अष्टाध्यायी युरोपात छापणारा पंडित. मेंडेलीव्हशी त्याचा स्नेह होता, असं किपार्स्की मांडतात. पाणिनीच्या व्याकरणाला आधार असलेल्या चौदा माहेश्वरसूत्रांत ध्वनी अशा क्रमाने बसवले आहेत की, समान वागणुकीचे ध्वनी अच्, हल् अशा दोन अक्षरी नावांनी एका मुठीत पकडता येतात. ध्वनींचं व्याकरण आणि मूलद्रव्यांचं व्याकरण, असं हे साम्य. २०१९ मध्ये, सारणीच्या दीडशेव्या वर्षी, रसायनशास्त्रज्ञ अभीक घोष यांच्यासोबत त्यांनी ते पुन्हा विस्ताराने मांडलं.

साम्य खरं आहे. माहेश्वरसूत्रांपेक्षाही आपल्या मुळाक्षरांच्या पाच वर्गांत ते जास्त स्वच्छ दिसतं. उभ्या रांगेत उच्चारस्थान, आडव्या रांगेत अघोष-घोष, अल्पप्राण-महाप्राण. एखाद्या भाषेत ‘घ’ नसता तरी ‘ग’ आणि ‘झ’, ‘ध’, ‘भ’ पाहून तो कसा असता हे नेमकं सांगता आलं असतं. एक-सिलिकॉनच्या भाकिताची रीत हीच आहे.

पण साम्य सापडलं म्हणून उगम सापडला असं होत नाही. तारखाच आडव्या येतात. बोटलिंग्कची पहिली अष्टाध्यायी १८३९-४० मध्ये बॉनला निघाली, तेव्हा मेंडेलीव्ह सैबेरियात पाच-सहा वर्षांचा होता. दुसरी आवृत्ती १८८७ची. आणि सारणीच्या आदल्याच वर्षी, १८६८ मध्ये, बोटलिंग्क पीटर्सबर्ग सोडून जर्मनीत येनाला राहायला गेला. मेंडेलीव्हची सारणीकडची वाट तर त्याच्या पाठ्यपुस्तकातून जाते : हॅलोजनांनंतर कोणता गट घ्यावा या अडचणीतून, अल्कली धातूंची अणुवस्तुमानं त्यांच्याशेजारी मांडून पाहण्यातून. त्या वाटेवर ध्वनिशास्त्राचा मुक्काम लागत नाही.

दुसरी हरकत खुद्द पाणिनीच्या घरातली. संख्यावाचक शब्द पुढे असलेल्या समासाला पाणिनीची परंपरा द्विगु म्हणते. त्रिभुवन म्हणजे तीन भुवनांचा समूह. एकदंत हा बहुव्रीही, ज्याला एकच दात आहे तो. ‘एक-सिलिकॉन’चा अर्थ ‘सिलिकॉनपासून एक पायरी पुढचं’ असा यातल्या कोणत्याही वाटेने लागत नाही. पाणिनीला वंदन करणारा आणि बोटलिंग्कला विचारू शकणारा माणूस असा समास वापरेल, हे पटणं कठीण आहे. ज्याला फक्त अंक हवे होते आणि व्याकरणाशी कर्तव्य नव्हतं, तोच हे करेल.

मग अंक हवे होते ते कशाला? उत्तर रसायनशास्त्राच्या रोजच्या बोलीत आहे. ग्रीक अंक आधीच कामाला जुंपलेले होते : मोनॉक्साइड, डायऑक्साइड, ट्रायक्लोराइड. लॅटिनही गुंतलेलं : बायकार्बोनेट. रशियनमध्येसुद्धा डायऑक्साइडला ‘द्वुओकिस’ म्हणत. या तिन्ही भाषांत अंक म्हणजे संयुगातल्या घटकांचं प्रमाण. ‘मोनोसिलिकॉन’ किंवा ‘डायमँगनीज’ वाचून कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाने अणू मोजायला घेतले असते. घरं मोजण्यासाठी चौथी, अजून न उष्टावलेली अंकमाला लागणार होती. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या त्या भरभराटीच्या काळात सुशिक्षित युरोपीयाच्या कानावर ग्रीक-लॅटिननंतर संस्कृतच असायचं. त्यातून रशियनाला द्वि, त्रि, चतुर् हे आपल्या द्वा, त्रि, चितिर्येचे सख्खे भाऊ वाटतात. पाठ करायची गरजच नाही. विचारायला माणूसही लांब शोधावा लागला नसता : मेंडेलीव्ह ज्या विद्यापीठात प्राध्यापक होता, तिथेच प्राच्य भाषांची विद्याशाखा होती आणि कायेतान कोसोविच तिथे संस्कृत शिकवत होता. अकादमीतल्या बोटलिंग्कपर्यंत जाण्याआधी कोसोविचचं दार लागतं.

या उपपत्तीतही एक फट आहे. ‘त्रि’ ग्रीक-लॅटिनमध्येही ‘ट्राय’च आहे, तिथे गोंधळ टळत नाही. पण व्यवहारात मदार ‘एक’वर आणि थोडीफार ‘द्वि’वर राहिली, आणि ‘एक’सारखा शब्द रसायनशास्त्रात दुसरीकडे कुठेच नव्हता.

नावं तात्पुरती असूनही ती शोधाची दिशा ठरवत राहिली. १८८९ मध्ये लंडनच्या फॅरेडे व्याख्यानात मेंडेलीव्हने सुमारे २१२ अणुवस्तुमानाचं द्वि-टेल्युरियम वर्तवलं. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला सापडलेलं पोलोनियम त्याच घरात बसलं. १९२५ मध्ये नोडाक, टाके आणि बेर्ग यांना ऱ्हेनियम मिळालं, ते एक-मँगनीज आणि द्वि-मँगनीज शोधताना. एक-मँगनीज, म्हणजे टेक्नेशियम, १९३७ मध्ये पालेर्मोत पेरिये आणि सेग्रे यांच्या हाती लागलं.

त्याच वर्षांत मात्र हा ‘एक’ वाट चुकवणाराही ठरला. १९३४ मध्ये रोममध्ये फर्मीने युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि युरेनियमपलीकडची मूलद्रव्यं तयार झाल्यासारखं दिसलं. तेव्हाच्या सारणीत युरेनियम टंगस्टनच्या खाली बसवलेलं होतं, म्हणून ९३वं मूलद्रव्य ऱ्हेनियमच्या खाली येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं. बर्लिनमध्ये हान, माइटनर आणि श्ट्रासमान यांनी पुढची चार वर्षं एक-ऱ्हेनियम, एक-ऑस्मियम, एक-इरिडियम, एक-प्लॅटिनम अशा नावांचे पदार्थ वेगळे केले आणि तसे निबंध छापले. युरेनियमचं केंद्रक फुटूनही तुकडे होऊ शकतात, असं इडा नोडाकने (पूर्वाश्रमीची टाके) १९३४ मध्येच लिहिलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही. १९३८च्या डिसेंबरमध्ये त्या मिश्रणात बेरियम असल्याची खात्री पटली आणि केंद्रकाचं विखंडन उघड झालं. ती ‘एक’वाली मूलद्रव्यं म्हणजे फुटलेल्या युरेनियमचे हलके तुकडे होते. १९४० मध्ये बर्कलीला खरं ९३वं, नेपच्युनियम, ओळखलं गेलं तेव्हा ते ऱ्हेनियमसारखं वागेना, वागलं युरेनियमसारखं. पुढे सीबोर्गने ॲक्टिनाइडांची स्वतंत्र ओळ काढून हे घर दुरुस्त केलं.

१९७८ मध्ये आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी लॅटिन-ग्रीक अंकांची सरमिसळ असलेली अधिकृत पद्धत आणली. तिच्यानुसार ११९वं मूलद्रव्य आज ‘अनअनएनियम’ आहे. ते बनवण्याच्या खटपटीत असलेल्या शास्त्रज्ञांच्या लेखनात त्याचं दुसरं नावही भेटतं : एक-फ्रान्सियम. या नावाने त्याचा गण, त्याच्या बाहेरच्या कक्षेत अपेक्षित असलेला एकुलता इलेक्ट्रॉन, त्याची संयुजा हे सगळं एका दमात कळतं. मराठीत आपण ते बहुधा ‘एका-फ्रान्सियम’ असं, इंग्रजीतून परत आलेल्या आकारासकट, लिहितो.