तळटीप : ‘भातसेतला विषारी शंख’
* लेखकाची इथे बहुधा गल्लत झाली आहे. खडवलीला भातसेच्या पात्रात सापडतात त्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी. त्या डंख मारत नाहीत. वर्णनातला नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख समुद्रातलाच, ‘कोनस’ कुळातला. ही गोगलगाय दिवसा वाळूत किंवा प्रवाळाच्या कपारीत दडते आणि बहुधा रात्री शिकारीला निघते. चाल अतिशय मंद, त्यामुळे सारी भिस्त विषावर. तिचा दातच पोकळ भाल्यासारखा असतो. लांबवलेल्या सोंडेतून तो भक्ष्यात रोवला जातो. काही जाती समुद्रातले कृमी खातात, काही इतर गोगलगायी, तर काही चक्क मासे! मासा क्षणात लुळा पडतो. ‘कोनस जिओग्राफस’च्या डंखाने माणसेही दगावली आहेत, त्यावर उतारा नाही. आश्चर्य असे की बाल्डोमेरो ऑलिव्हेरा या फिलिपिनो शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ‘कोनस मॅगस’च्या विषातून मिळालेल्या घटकावरून ‘झिकोनोटाइड’ हे तीव्र वेदनांवरचे औषध तयार झाले. अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली. कोकण किनाऱ्यावरही या कुळातल्या काही जाती आढळतात. वाचकांनी तिथे असा जिवंत शंख दिसल्यास कृपया हातात घेऊ नये.
— संपादक