यीस्ट बिचारं निर्दोष आहे

आपल्या कर्जतकडची ज्वारीची आंबील आंबते, पण चढत नाही. तिथे काम मुख्यतः दह्यातल्यासारख्या जिवाणूंचं. यीस्टला आयती साखर लागते, म्हणून महाराष्ट्रात ताडी झाली, मोहाची झाली, गुळाची झाली. ज्वारीला मोड आणले तर तिचीही बिअर होते. आफ्रिकेत घरोघरी करतात.

1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळं केलं. मग कोणत्या यीस्टवर कोणती बिअर, हे ठरवून करता येऊ लागलं. आपल्याकडे काय चाललं होतं? 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला होता. विनापरवाना दारू गाळणं गुन्हा, कारण सरकारला महसूल हवा. 1892 ला ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरही कायदा! 1949 ला दारूबंदी कायदा, तो आजही लागू आहे.

भट्ट्या थांबल्या का? 2017 ला आपल्याच जिल्ह्यात, पांगरमलला, बनावट दारूने माणसं गेली. गूळ आंबवताना यीस्ट मिथेनॉल जवळजवळ करतच नाही, आणि साधारण पंधरा टक्के अल्कोहोलला स्वतःच थंडावतं. दारूकांडात मारणारं मिथेनॉल बहुतेक वेळा बाहेरून मिसळलेलं असतं. धाडीत रसायन ओतून फोटो काढणाऱ्यांनो, ते मिथेनॉल कुठून येतं ते कधी शोधणार?