शत्रूच्या जखमेवर मलमपट्टी

बंडखोरांच्या जखमी सैनिकांवर उपचार करायचे की नाही? १८७७ साली हा प्रश्न जपानी सरकारपुढे आला. सात्सुमाच्या सामुराईंनी बंड पुकारलं होतं. सानो त्सुनेतामी या वरिष्ठ सरकारी गृहस्थांनी दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा करणारी संस्था काढायची परवानगी मागितली. सरकारने आधी नकार दिला. अखेर मोहिमेवरचे सेनापती, राजपुत्र अरिसुगावा यांनी होकार दिला आणि ‘हाकुआइशा’ जन्माला आली. हीच पुढे जपानची रेडक्रॉस झाली.

सानोंना हे सुचलं कुठून? १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी रेडक्रॉसचं दालन पाहिलं होतं. इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईत, १८५९ मध्ये, तडफडणारे जखमी पाहून जिनिव्हाचे व्यापारी हेन्री ड्युनांट हादरले. त्यांनी पुस्तक लिहिलं, लोक जमवले आणि १८६४ मध्ये १२ देशांनी जिनिव्हा करारावर सह्या केल्या. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा व्हायलाच हवी, असं तो करार सांगतो.

जपान १८८६ मध्ये त्यात सामील झाला. निव्वळ भूतदयेपोटी? तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पाश्चात्त्यांनी लादलेले विषम तह त्याला बदलून घ्यायचे होते आणि त्यासाठी आपण ‘सुधारलेले’ आहोत हे पटवणं भाग होतं. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात लष्कराबरोबर आरिगा नागाओ हे कायदेपंडित होते. जपानने युद्धाचे नियम कसे पाळले यावर त्यांनी पुढे ग्रंथ लिहिला, तोही फ्रेंचमध्ये! वाचक कोण अपेक्षित होते, ते सांगायला नको. त्याच युद्धात पोर्ट आर्थरला मात्र जपानी सैन्याने नागरिकांची कत्तल केली होती.

तरी सगळाच देखावा म्हणून ते झटकून टाकता येत नाही. १९०४-०५ च्या युद्धात ७० हजारांवर रशियन सैनिक जपानचे कैदी झाले. मात्सुयामात त्यांना मिळालेली वागणूक युरोपातही वाखाणली गेली.

१९११ पर्यंत विषम तह संपले. जपान बड्यांच्या पंक्तीत बसला. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या करारावर त्याने सही केली खरी, पण सैन्यदलांच्या विरोधामुळे त्याला मंजुरी मिळालीच नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपला सैनिक शत्रूच्या हाती लागतच नाही; मग हे एकतर्फी ओझं कशाला?

सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्ग बांधताना, १९४२-४३ मध्ये, १२ हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. आशियाई मजूर तर त्याहून कितीतरी अधिक. त्यांत मलायातले तमिळही होते. १९२९ चा करार या मजुरांसाठी नव्हताच. नागरिकांना संरक्षण देणारा जिनिव्हा करार १९४९ साली आला. जपान त्यात १९५३ मध्ये सामील झाला.