वत्सगुल्माच्या राज्यांतील खेडें

आजच्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह याच नगरांत लावून दिला असल्यानें रसिकांस हें नांव परिचित आहे. परंतु ज्यांच्या धान्यावर हें नगर जगत असे, त्या खेड्यांतील दिनक्रम कसा होता, हें जाणावयाचें तर काव्य सोडून ताम्रपटांकडे वळावें लागतें.

१९३९ सालीं वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला. सर्वसेनाचा हा पुत्र इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत होता. राज्याच्या ३७ व्या वर्षीं त्यानें नांदीकट, म्हणजे नांदेड, प्रदेशाच्या उत्तरेकडील आकाशपद्द हें गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दान केलें. राजाची वंशावळ संस्कृतांत आहे. गांवाचा व्यवहार मात्र प्राकृतांत.

त्या व्यवहारांत गांवास मिळालेल्या सवलती आहेत आणि त्यांतील पदांचा आरंभ नकारार्थी ‘अ’कारानें होतो. अचलपुराजवळील चम्मक येथें सांपडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सोबत घेतला म्हणजे यादी स्पष्ट होते. गांवांत शिपायांनीं शिरूं नये. फुलें व दूध घेऊं नये. गाई-बैल मागूं नयेत. चारा, बसावयास कातडीं व कोळसे यांची मागणी करूं नये. मिठासाठीं खणूं नये. वेठ घेऊं नये. यांतील ‘अ’ काढून टाकला, कीं सवलत न मिळालेल्या खेड्याचें जिणें डोळ्यांसमोर उभें राहतें. तेथें हें सर्व द्यावेंच लागे. ज्यास लेखांत ‘विष्टि’ म्हटलें आहे, तीच आपली ‘वेठ’.

मग सवलतीच्या गांवांतील कुणबी मुक्त झाला काय? तसें म्हणवत नाहीं. राजानें सोडलेला हक्क दान घेणाऱ्याकडे जाई. चम्मकच्या लेखांत त्या ब्राह्मणांवरही अटी आहेत: राजद्रोह करूं नये, इतर गांवांस उपद्रव देऊं नये. अर्थात् त्यांच्या हातीं तसें सामर्थ्य येत होतें. दान घेणाऱ्यांचीं नांवें व गोत्रें पत्र्यावर कोरलेलीं आहेत. नांगर धरणाऱ्याचें नांव नाहीं. त्याच्या घरचें दूध, त्याचा बैल व त्याचे श्रम यांची नोंद मात्र सोळाशें वर्षें टिकून राहिली आहे.